पकड करायची की थांबायचं? कबड्डीतून संशोधनाचा एक धडा

एका गणितापासून सुरुवात करू. समजा तुमच्या तालुक्याच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर एकच जागा आहे आणि पोरं दोन आहेत. पहिल्याने स्पर्धेत १० पकडी केल्या, त्यातल्या ४ जमल्या. दुसऱ्यानेही १० केल्या, पण ६ जमल्या. कोणाला घ्याल?

बहुतेक जण दुसऱ्याला घेतील. मीही घेतलं असतं. पण या माहितीवर ते उत्तर देता येत नाही, आणि का देता येत नाही हे कळलं की संशोधनाचा प्रश्न कसा मांडायचा हेही बरंचसं कळतं.

जळगाव-धुळ्याकडे हिवाळ्यात गावोगावी रात्रीचे सामने होतात, ते तुम्ही पाहिले असतील. चढाईपटू आत शिरला की बाहेरून ओरडा सुरू होतो, "धर रे भो, धर!" पकड जमली तर शिट्ट्या. तो हातून निसटला आणि दोघांना बाद करून गेला, तर तोच माणूस म्हणतो, "कशाला घाई केली?" निर्णय दोन्ही वेळा एकच होता. निकाल बदलला म्हणून आपलं मत बदललं. मी वही घेऊन मैदानाकडेला बसायला लागले तेव्हा माझंही असंच चालायचं. जमलेल्या पकडी तेवढ्या लिहायचे, आणि न केलेल्या पकडींसाठी वहीत रकानाच नव्हता.

प्रश्न नेमका कुठला?

"पकड किती वेळा जमते?" हा अर्धा प्रश्न झाला. पूर्ण प्रश्न असा: या क्षणी पकड केली तर सरासरी काय मिळेल, आणि नाही केली तर काय मिळेल?

अमेरिकन फुटबॉलमध्ये असाच पेच असतो. चेंडू फेकणारा जो मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, त्याच्यावर बचाव करणारा संघ साधारण चार जण सोडतो. कधी पाच-सहा जण एकदम धावून जातात, त्याला ब्लिट्झ म्हणतात. तो हाती लागला तर उत्तम, नाहीतर मागचं मैदान मोकळं सापडतं. आपल्याकडे कोपरारक्षकाने पुढे झेपावून घोटा धरणं हा याच जातीचा जुगार. जमला तर १ गुण, फसला तर स्वतः बाद, आणि मदतीला आलेला साथीदारही बाद.

आता आकडे घालू. हे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्याही स्पर्धेतले नाहीत.

समजा पकड जमली तर आपल्याला १ गुण. फसली तर समोरच्याला सरासरी १.३ गुण, कारण कधी एक बाद होतो, कधी दोन. आणि आपण पकड न करता मागे सरकत राहिलो, तरी तो कधी बोनस घेतो, कधी हात लावून जातो; त्याचे सरासरी ०.३ गुण जातात असं धरू. म्हणजे थांबणंही फुकट नाही.

आता पकड किती टक्के जमली तर परवडेल? शंभर चढायांचा हिशोब करा. थांबलो तर ३० गुण जातील. पकड केली आणि ४३ किंवा ४४ वेळा जमली, तर जवळपास तेवढंच नुकसान होतं. म्हणून ना-नफा-ना-तोटा बिंदू साधारण ४३ टक्के. त्याच्या वर पकड करा, खाली असाल तर थांबा. हा आकडा ५० नाही, हे लक्षात घ्या. निम्म्याहून जास्त पकडी फसूनही पकड करणं बरोबर असू शकतं.

नियम बदलला की बिंदू सरकतो

मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड जमली तर एक जादा गुण मिळतो. याला आपण अव्वल पकड म्हणतो. बाकी सगळं तेच ठेवून १ च्या जागी २ गुण घाला. बिंदू ४३ वरून ३० टक्क्यांवर येतो.

आता तिसरी चढाई, म्हणजे डू ऑर डाय. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. बाहेरची गर्दी इथे सगळ्यात जास्त ओरडते, "धर, धर!" पण हिशोब करा. इथे तुम्ही नुसते सावध उभे राहिलात आणि तो रिकामा परतला, तरी गुण तुमचा. चढाई ३० सेकंदांची, आणि घड्याळ तुमच्या बाजूने चालतंय. समजा न पकडता तो १० पैकी ४ वेळा एक गुण घेऊन जातो आणि ६ वेळा रिकामा परततो. म्हणजे थांबण्याची सरासरी किंमत तुमच्या बाजूने ०.२ गुण. मग पकड परवडायला ती ६५ टक्के जमली पाहिजे.

हो, तिसऱ्या चढाईत त्याला खोल यावंच लागतं, त्यामुळे पकड जमण्याची शक्यताही वाढते. पण तो येईपर्यंत थांबायचं की आपण आधी झेपावायचं, हाच तर निर्णय आहे.

तेव्हा तीन परिस्थिती आणि तीन बिंदू: ४३, ३०, ६५. आता त्या दोन पोरांकडे परत या. पहिल्याच्या सगळ्या पकडी तिघे उरलेले असतानाच्या असतील तर त्याचे ४० टक्के ३० च्या वर आहेत. तो संघाला कमावून देतोय. दुसऱ्याच्या सगळ्या तिसऱ्या चढाईतल्या असतील तर त्याचे ६० टक्के ६५ च्या खाली आहेत. तो थांबला असता तर संघाचं जास्त भलं झालं असतं. नुसती टक्केवारी पाहून निवड केली, तर घरी कोणता पोरगा बसेल ते बघा.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो

पहिलं, गुण म्हणजे सगळं नव्हे. पकड जमली की आपला एक बाद खेळाडू परत येतो; अव्वल पकडीचा जादा गुण मात्र कोणाला परत आणत नाही. सगळे बाद झाले तर लोण, म्हणजे समोरच्याला आणखी २ गुण. एकटाच बचावपटू उरला असेल तर पकड फसल्यावर १ अधिक २ असे ३ गुण जातात. म्हणून थांबावं? आज थांबून लोण खरंच टळणार असेल, तर हो. पण पुढच्या चढाईत तो बसणारच असेल, तर थांबून काहीच वाचत नाही. "न केल्यास काय" याचं उत्तर त्याच चढाईत मिळत नाही, पुढच्या दोन-तीन चढायांपर्यंत जावं लागतं.

दुसरं, केलेल्या पकडींची टक्केवारी न केलेल्या पकडींना लावू नका. अनुभवी बचावपटू चढाईपटूचा तोल गेलेला दिसला की झेपावतो. म्हणजे सोप्या संधी निवडूनच पकड झालेली असते. "५५ टक्के जमतात, मग आणखी करा" असं सांगितलंत तर ज्या जादा पकडी होतील त्या अवघड संधीतल्या असतील. सरासरी वेगळी, काठावरची पकड वेगळी. तुमचा विषय कर्जमाफी असो की केळीचं ठिबक सिंचन, ही चूक तिथेही अशीच दबा धरून बसलेली असते.

तिसरं, समोरचा शिकतो. तुम्ही तिसऱ्या चढाईत कायम थांबता हे कळलं की तो निवांत, पूर्ण वेळ घेऊन आत शिरेल. कधी थांबायचं आणि कधी झेपावायचं याची सरमिसळ हवी. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये अशा खेळांचं मूळ प्रमेय सिद्ध केलं. पुढे २००३ मध्ये इग्नासिओ पालासिओस-उएर्टा यांनी फुटबॉलच्या पेनल्टी किकवर ते तपासलं. व्यावसायिक खेळाडू डावी-उजवी बाजू जवळपास त्या सिद्धांताप्रमाणेच मिसळतात असं त्यांना आढळलं. यातली गंमत पाहा. सरमिसळ योग्य असेल तर दोन्ही पर्यायांची सरासरी सारखीच दिसते. तेव्हा "दोन्हीत फरक नाही" असा निष्कर्ष आला, तर "निर्णयाला महत्त्व नाही" असं लिहू नका. कदाचित दोन्ही बाजू उत्तम खेळत असतील.

स्वतः करून बघायचं असेल तर

आधी आयोजकांना त्या स्पर्धेचे नियम विचारा, कारण गावच्या सामन्यात ते वेगळे असू शकतात. चित्रीकरणाची परवानगी घ्या. शाळकरी पोरं खेळत असतील तर पालकांचीही. मग प्रत्येक चढाईची एक ओळ करा: बचावपटू किती, कितवी चढाई, गुणफरक, उरलेला वेळ, चढाईपटू कुठल्या रेषेपर्यंत आला, पहिली हालचाल कोणाची, शेवटी काय झालं. पकड झाली नाही तरी ओळ लिहायचीच. एका मित्राला तेच चित्रीकरण स्वतंत्रपणे नोंदवायला सांगा आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहा. "पहिली हालचाल कोणाची" यावरच निम्मी भांडणं होतील. ती आत्ता झालेली बरी. समितीसमोर सादरीकरणाच्या दिवशी झाली तर अवघड जाईल.

आणि तुमच्या प्रस्तावात "यशाचं प्रमाण" असा शब्द आला असेल, तर पेन्सिलीने बाजूला दोन गोष्टी लिहा: छेदात कोण आहे, आणि हे केलं नसतं तर काय झालं असतं? माझ्या वहीत आता त्यासाठी एक रकाना आहे. बहुतेक ओळींत तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.