माळ्यावरची अडगळ

दिवाळी जवळ आली की घरोघरी साफसफाईला वेग येतो. परंतु माळ्यावरच्या पेट्यांपर्यंत तो वेग सहसा पोहोचत नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून आपण शिडी परत कोपऱ्यात ठेवतो. आमच्या घरी हे एकोणीस वर्षे चालले. ती. बाबांच्या पश्चात त्यांच्या दवाखान्यातील सामान चार लोखंडी पेट्यांत भरून वर चढले होते. ते गेल्या वर्षी खाली उतरले. त्या कामात जे उमगले, ते समव्यवसायी मंडळींना व इतर वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

कपडे, भांडी, मोडक्या खुर्च्या यांचा प्रश्न कबाडी सोडवतो (भोपाळात आपण मराठी मंडळीही रद्दीवाल्याला कबाडीच म्हणतो). डॉक्टरांच्या घरची अडगळ मात्र त्याच्या हवाली करण्याजोगी नसते. मुदत संपलेल्या औषधांचेच पाहा. पट्ट्या जशाच्या तशा बाहेर गेल्या तर त्या पुन्हा कोणाच्या हाती पडतील, हे सांगता येत नाही. म्हणून गोळ्या पट्टीतून काढाव्यात, बाटलीवरचे लेबल खरवडावे आणि घरगुती घातक कचरा म्हणून ते वेगळे द्यावे. प्रतिजैविके बेसिनमध्ये ओतणे तर सर्वथा टाळावे. सांडपाण्यातील जंतूंना त्यांची सवय होते, आणि मोठ्या तलावाचे पाणी आपणच पितो. याला अपवाद थोडे आहेत. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली. फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी ही औषधे चुकून कोणी घेतल्यास एक मात्राही जिवावर बेतू शकते; म्हणून ती शौचकुपात सोडावीत, असे तिचे सांगणे आहे.

दुसऱ्या पेटीत पाऱ्याचा रक्तदाबमापक निघाला. थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर असतो, या उपकरणात त्याच्या कितीतरी पट. पितळेच्या आशेने कबाडी ते फोडतो आणि वाफ त्याच्या मुलाबाळांच्या श्वासात जाते. पारा सांडलाच तर खिडक्या उघडाव्यात, झाडू फिरवू नये. जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावेत. घातक वस्तू ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवण्याचा दोष एकट्या आपल्या घरांचा नव्हे. युनियन कार्बाइडच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा पीथमपूरला जाण्यास जानेवारी २०२५ उजाडला.

खरा पेच कागदांचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावी लागतात. न्यायालयीन प्रकरणे अर्थात वेगळी. या हिशेबाने बाबांच्या साऱ्या कागदांचे आयुष्य केव्हाच संपले होते. तरी ते रद्दीत देणे योग्य नव्हे. कोणाच्या मधुमेहाचा अहवाल पोहे-जलेबीच्या पुड्याला लागावा, हे रुग्णाच्या विश्वासाला शोभणारे नाही. कागद फाडून, भिजवून त्यांचा लगदा करणे हाच सोपा उपाय. क्ष-किरण फिल्ममधील चांदीसाठी गिऱ्हाईक मिळते. तिच्यावरचे नाव आधी कापून काढावे.

लगद्याच्या त्या ढिगात मी एक नोंदवही टाकली होती. बादलीत पाणी भरत असताना सौ.ने ती सहज उघडली. १९८४ ची वही. नोव्हेंबरअखेर बाबांचे नेहमीचे वळणदार अक्षर : नाव, वय, तक्रार, औषध, पैसे. ३ डिसेंबरपासून पैशांचा रकाना रिकामा. मग औषधाचा रकाना नाहीसा होतो, नंतर नावेही जातात. वय आणि मोहल्ला एवढेच उरते. दुपारच्या पानावर तर केवळ पाच-पाचच्या रेघा आहेत. गॅसकांडाविषयी बाबा घरी फारसे कधी बोलले नाहीत. पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यांत तारखेचा एखादा कागद किती मोलाचा ठरत असे, हे येथील जुन्या डॉक्टरांना सांगायला नको. बाबांच्या वहीतील नावे कोणाच्या उपयोगी पडली असती का, हा प्रश्न मी त्या एकोणीस वर्षांत विचारलाच नव्हता.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतील वाळवी लागलेली दप्तरे शोधत हिंडले, म्हणून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड निघू शकला. त्या घरांतही ती दप्तरे अडगळच होती.

तेव्हा वही, डायरी, नोंदपुस्तक यांचा निकाल वजनावर लावू नये. प्रत्येक एकदा तरी उघडावी. १९८४-८५ ची निघाल्यास पानांची छायाचित्रे घ्यावीत. रुग्णांची नावे असल्याने ती इकडेतिकडे पाठवू नयेत. वही प्लास्टिकमध्ये बांधल्यास ओल साचते, सुती कापड बरे. आमच्या वहीची ३ ते ९ डिसेंबरची पाने छायांकित झाली आहेत. रेघा मोजण्याचे काम सौ.ने घेतले आहे. दोघांची मोजणी अद्याप जुळलेली नाही.