टीम भारी असेल तर मालकाचं श्रेय किती?



आमच्या कोथरूडच्या बॅचमध्ये परवा एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचं छोटं ब्युटी पार्लर आहे, दोन मुली कामाला. म्हणाल्या, "सर, माझ्या दोघी इतक्या तयार आहेत की गिऱ्हाईक त्यांच्याच नावानं येतं. मी चार दिवस गावाला गेले तरी गल्ला तेवढाच. बोनसचा विषय निघाला तेव्हा मोठी म्हणाली, हे सगळं आमच्यामुळेच आहे ना ताई. तिचं चुकलं कुठे?"

बाकीचे हसले, पण ताई हसत नव्हत्या. वेळ संपत आली होती म्हणून मी तिथे अर्धंमुर्धं उत्तर दिलं. व्हिडिओतही ते दोन मिनिटांत उरकलंय. म्हणून इथे नीट लिहितो.

हाच वाद फुटबॉलवाले वर्षानुवर्षं घालतात. रिआल माद्रिदसारख्या क्लबात जगातले सगळ्यात महाग खेळाडू असतात. तिथे मॅनेजर जिंकला की लोक म्हणतात, त्यात काय, ही टीम घेऊन कोणीही जिंकेल. कार्लो अँचेलोटी यांनी मॅनेजर म्हणून चॅम्पियन्स लीग ५ वेळा जिंकली, मिलानकडून २ आणि रिआलकडून ३. तेच अँचेलोटी इंग्लंडमध्ये एव्हर्टनला गेले तेव्हा २०२०-२१ च्या हंगामात टीम दहावी आली. म्हणजे श्रेय खेळाडूंचं? थांबा. २०२४ मध्ये रिआलनं एम्बापेलाही आणलं, आणि पुढच्याच हंगामात ना लीग मिळाली, ना चॅम्पियन्स लीग. उलट एम्बापे ज्या पॅरिसच्या क्लबातून गेला, त्यांच्याकडे आधी मेस्सी, नेमार आणि एम्बापे असे तिघं एकत्र होते, तरी २०२२ आणि २०२३ मध्ये शेवटच्या १६ संघांतच त्यांचा खेळ संपला. तिघंही गेल्यावर, मॅनेजर लुईस एन्रिके यांच्या हाताखाली, त्यांनी मे २०२५ मध्ये इंटर मिलानला ५-० हरवून चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली.

यावरून एक दिसतं. भारी माणसं जमवणं आणि त्यांची टीम करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण श्रेय मोजायचं कसं, ते यातून कळत नाही. त्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण जास्त उपयोगी आहे. क्रिकेटचं आहे, चालेल ना?

चंद्रकांत पंडित. भारताकडून ५ कसोटी खेळलेले विकेटकीपर, मुंबईचे, आचरेकर सरांच्या तालमीतले. ते मुंबईचे कोच असताना २०१५-१६ ची रणजी मुंबईनं जिंकली. फायनल आपल्याच गहुंजेच्या स्टेडियमवर झाली होती. मुंबईचं ते ४१ वं विजेतेपद. आता सांगा, ज्या टीमनं आधीच ४० वेळा रणजी जिंकलीय, तिच्या कोचला कोण किती श्रेय देणार? पुढच्या वर्षी मुंबई फायनलला गेली, गुजरातकडून हरली, आणि पंडितांच्या जागी दुसरा कोच आला.

ते गेले विदर्भाकडे. विदर्भ त्याआधी कधी रणजीच्या फायनललाही पोचला नव्हता. २०१७-१८ मध्ये तो जिंकला आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा जिंकला. मग पंडित मध्य प्रदेशला गेले. जून २०२२ मध्ये बंगळुरूला फायनल झाली, समोर मुंबई. मुंबईकडे पृथ्वी शॉ, यशस्वी जैस्वाल, सरफराज खान. मध्य प्रदेशचे आवेश खान आणि वेंकटेश अय्यर भारतीय संघाबरोबर असल्यामुळे नव्हतेच. मध्य प्रदेश ६ विकेट राखून जिंकला, त्यांची पहिलीच रणजी.

माझ्या मते मोजायची खरी पद्धत ही आहे. माणूस तोच ठेवा आणि टीम बदलून बघा. मुंबईत असताना पंडितांचं काम खेळाडूंच्या नावाखाली झाकलं गेलं होतं, टीम बदलल्यावर ते उघडं पडलं.

पण इथेही घाई नको. विदर्भाकडे वसीम जाफरसारखा अनुभवी माणूस होता, असोसिएशनच्या अकादमीचं काम आधीपासून चालू होतं, आणि पंडित गेल्यानंतर २०२४-२५ ची रणजीही विदर्भानं जिंकली. कोलकाता नाइट रायडर्सची गोष्ट तर अजून गुंत्याची. पंडित कोच असताना टीम २०२३ ला सातवी, २०२४ ला विजेती, २०२५ ला आठवी. २०२४ चं श्रेय बहुतेकांनी मेंटॉर गौतम गंभीरला दिलं. २०२५ ला गंभीर नव्हता आणि कप्तान श्रेयस अय्यरही नव्हता. तो पंजाबला गेला आणि त्या टीमला फायनलपर्यंत घेऊन गेला. आता काढा वाटणी! निव्वळ निकाल बघून कोणाचा किती वाटा, हे ठरत नाही.

मग आणखी काय बघायचं? वाईट आठवडा बघायचा.

२०२२ च्या त्या फायनलला हरलेल्या मुंबईचे कोच होते अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, तरी भारताकडून एकही सामना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते भारताच्या महिला संघाचे हेड कोच झाले. ही टीमही स्टार्सनी भरलेलीच: आपल्या सांगलीची स्मृती मानधना, हरमनप्रीत कौर, जेमिमा रॉड्रिग्ज, दीप्ती शर्मा. २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपमध्ये टीम पहिल्या फेरीतच बाहेर पडली. २०२५ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडून ओळीनं तीन पराभव. जेमिमासारख्या खेळाडूला इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं, म्हणजे एक जादा बोलर खेळवता यावा. तो सामनाही ४ धावांनी गेला.

इथे मॅनेजरची परीक्षा असते. निर्णय फसलाय, सगळा देश बोलतोय. माझ्यासारखा माणूस एक तर हट्टानं तेच पुढे रेटतो, नाहीतर घाबरून सगळंच बदलतो. त्यांनी जेमिमाला परत घेतलं, आणि न्यूझीलंडविरुद्ध तिसऱ्या नंबरवर पाठवलं. तिनं नाबाद ७६ केल्या. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चं लक्ष्य होतं, त्याच नंबरवर नाबाद १२७. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत फायनल जिंकली.

श्रेय एकट्या मुजुमदारांचं नाही, अजिबात नाही. फायनलमध्ये शफालीच्या हातात बॉल द्यायचा निर्णय मैदानावर हरमनप्रीतनं घेतला. त्याआधी २०२३ पासून डब्ल्यूपीएल सुरू झालं होतं आणि मुलींना मोठ्या सामन्यांची सवय झाली होती. पण कोणाला बसवायचं, परत कधी आणायचं आणि कुठल्या जागी, हे कुठलाही स्टार स्वतःबद्दल ठरवू शकत नाही. ते बाहेरून बघणाऱ्यालाच करावं लागतं. तेवढं श्रेय मॅनेजरचं. माप छोटं वाटेल, पण जेमिमा त्या मापामुळेच तिसऱ्या नंबरवर होती.

आता माझी गोष्ट, कारण हे मी पैसे घालवून शिकलोय. माझं ड्रेस मटेरियल आणि ब्लाउज शिलाईचं दुकान आहे. जुने कटिंग मास्तर उत्तम. काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या आधी मी दुसऱ्या दुकानातून अजून एक नावाजलेला मास्तर जास्त पगार देऊन आणला. डिझायनर ब्लाउजमध्ये त्याचा हात कोणी धरणार नाही. मला वाटलं, दोन भारी मास्तर म्हणजे दुप्पट काम. झालं उलटंच. कुठलं गिऱ्हाईक कोणाचं हे मी ठरवलंच नव्हतं. जुन्या मास्तरांनी अवघड कामं हातात घेणं बंद केलं, कारागिरांना कोणाचं ऐकायचं ते कळेना, ट्रायलच्या तारखा पुढे जायला लागल्या. एका नवरीचा ब्लाउज हळदीच्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः घरी नेऊन दिला. तिच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो. दोन महिन्यांनी नवा मास्तर सोडून गेला. तो वाईट नव्हता. माझं काम मी केलं नव्हतं.

म्हणून ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. मोठी मुलगी म्हणाली त्यात निम्मं खरं आहे, आणि ते तोंडावर मान्य करा. हातातली कला तिची आहे, तिच्या नावानं येणाऱ्या कामावर तिला टक्केवारी द्या, बोनसही द्या. पण चार दिवस दुकान तुमच्याशिवाय चाललं, हा पुरावा धरू नका. ते चार दिवस तुम्ही आधीच्या चार महिन्यांत लावलेल्या घडीवर चालले. वर जागेचं डिपॉझिट, भाडं, फसलेल्या मालाचा तोटा या गोष्टी तुमच्या एकटीच्या डोक्यावर आहेत.

आणि एक साधी वही घाला. दुकानातल्या दोघींपैकी कोणीच घेऊ शकली नसती असा निर्णय घेतला, की तारीख टाकून लिहायचा. दर वाढवला, एखादी ब्रायडल ऑर्डर नाकारली, रविवारी कोणाला सुट्टी दिली. तीन महिन्यांनी त्यापुढे काय झालं तेही लिहायचं, फसलं असेल तर तेही. वही कोरी राहिली तर मात्र मुलगी पूर्ण बरोबर बोलली, असं समजायचं.

ताईंनी पहिल्या दोन आठवड्यांची वही परवा फोटो काढून पाठवली. तीनच नोंदी होत्या. तिसरी अशी: "धाकटीला जुनी गिऱ्हाइकं मिळतच नाहीत, सगळी मोठीकडे जातात. मंगळवार-बुधवारचे फेशियल आजपासून धाकटीकडे. मोठी दोन दिवस बोलली नाही."