कोशाच्या अळीची राखण

पाऊस लागून धानाची रोवणी सुरू झाली, म्हणजे आसगाव-पवनीच्या बाजूला कुणाला मान वर करायची फुरसत नसते. तरी अशा दिवसांत कधी रानात गेलात, तर एखाद्या ऐनाच्या झाडाखाली जरा थांबा. येन म्हणतो ना आपण, तेच झाड. वर पाहण्याआधी खाली पाहा. जमिनीवर काळपट हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या, तर समजा की वर कुणीतरी जेवत बसले आहे. मग पान न् पान तपासा. पानाच्या रंगाची, बोटापेक्षा जाड, कुशीवर चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे चकाकणारे ठिपके असलेली अळी दिसेल. हीच टसर रेशमाची, म्हणजे आपल्या कोशाची अळी.

भंडारा जिल्ह्याला कोसा नवा नाही. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचे कोशाचे कापड प्रसिद्धच आहे, आणि ही अळी झाडावर वाढवण्याचे काम आपल्याकडे ढीवर कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केले. या अळीच्या स्थानिक वाणांपैकी एकाला शास्त्रज्ञांनी ‘भंडारा’ असेच नाव दिले आहे. आपण धंद्याचे कौतुक करतो, कापडाचे करतो. पण ज्या जिवावर हे सारे चालते, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, याची चौकशी फारसे कुणी करत नाही. ती आज करू.

पहिली गोष्ट ही, की कोशाची अळी पाळीव म्हणावी अशी नाही. तुतीच्या रेशमाचा किडा चीनमध्ये काही हजार वर्षे माणसाच्या घरात राहिला. तो सुपात बसतो, समोर टाकलेला पाला खातो, आणि त्याच्या पाखराला पंख असून उडता येत नाही. आमची अळी अजून रानाचीच आहे. तिला झाड लागते, वारा लागतो, पाऊस लागतो. तिचे पाखरू चांगले उडते. म्हणून पाळणारा तिला घरी आणू शकत नाही. त्यालाच महिना-दीड महिना तिच्या झाडाखाली मुक्काम करावा लागतो. कोण कुणाला पाळतो, हा प्रश्न तिथे पडतो खरा!

अंड्यातून आठ-दहा दिवसांत अळी निघते, आणि कोसा करीपर्यंत चार वेळा कात टाकते. या कात टाकण्याच्या वेळी माणसाच्या हातून सर्वांत जास्त चुका होतात. त्या आधी अळी खाणे सोडते, फांदीवर रेशमाचे थोडे धागे लावून त्यांत मागचे पाय रोवते आणि निश्चल बसून राहते. नवख्याला वाटते, अळी आजारी पडली किंवा झाडाचा पाला आवडेनासा झाला. तो तिला ओढून दुसऱ्या झाडावर ठेवतो. पण जुनी कात ज्या आधाराने मागे सोडायची, तो आधारच तुटलेला असतो. कात अंगाला अडकते, आणि त्या अडकलेल्या कातीतच कित्येक अळ्या मरतात. जाणता माणूस अशा वेळी झाडाला हातसुद्धा लावत नाही.

एरवीही अळीला चिमटीत धरून ओढू नये. तिच्या मागच्या मांसल पायांना बारीक आकड्या असतात आणि पकड अशी घट्ट, की ओढणारा जिंकला तर पाय फाटतो. झाडाचा पाला संपला, तर अळी बसलेली डहाळीच कापावी आणि नव्या झाडाच्या बेचक्यात अडकवून द्यावी. ती आपल्या चालीने नव्या पानावर जाते. शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत तिची भूक विलक्षण असते. आयुष्यभराच्या खाण्यातला बहुतेक पाला ती या काळातच फस्त करते. म्हणून झाडाच्या ऐपतीपेक्षा जास्त अळ्या सुरुवातीलाच चढवणे हा लोभ पुढे उपासमारीत निघतो. भुकेली अळी खाली उतरते, जमिनीवर भटकते आणि मुंग्यांच्या तोंडी जाते.

शत्रू तर विचारूच नका. पक्षी, सरडे, खारी, गांधीलमाशा, प्रार्थनाकीटक, अळीच्या अंगात सोंड खुपसून रस पिणारे ढेकूण! उझी माशी मोठ्या अळीच्या अंगावर अंडे चिकटवते आणि तिचे पिल्लू अळीला आतून खाते. म्हणून पहिल्या दोन अवस्थांतल्या बाळ-अळ्या ठेंगण्या झाडांवर नायलॉनच्या जाळीखाली वाढवाव्यात, असे तज्ज्ञ सांगतात. हा खर्च वाया जात नाही.

पण पाखरांपेक्षा रोग वाईट. विषाणूच्या रोगात अळी मागच्या पायांनी फांदीला लटकते, डोके खाली, अंग मऊ. मग कातडे फुटून आतला द्रव पानांवर गळतो आणि ती पाने खाणाऱ्या अळ्याही जातात. अशी लटकलेली अळी दिसली, की ती गळण्यापूर्वी काढून चुना टाकून पुरावी. दुसरा रोग पेब्रिन. हा आईकडून अंड्यातच येतो. फ्रान्सच्या दक्षिणेत तुतीच्या रेशमाचा धंदा या रोगाने बसत आला, तेव्हा 1865 साली लुई पाश्चर तिकडे गेला. त्याने काढलेला उपाय आजही तोच आहे: अंडी घातल्यावर मादीचे पाखरू खलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. तपासलेल्या अंड्यांना रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात. ओळखीच्याकडून स्वस्तात मिळालेली, न तपासलेली अंडी घेणे म्हणजे हंगाम जुगारावर लावणे.

मध्य भारतात कोसा पाळणारे पूर्वी हंगामभर सोवळे पाळत. परक्याला त्या झाडांजवळ येऊ देत नसत. शहरचे लोक त्याला हसत. मला मात्र त्यात रोगाचा संसर्ग टाळण्याची जुनी शहाणीव दिसते.

आता अवघड भाग. अळी पोट रिकामे करते, देठ विणून त्याची कडी डहाळीभोवती अडकवते आणि चार-पाच दिवसांत टणक कोसा पुरा करते. आत कोषावस्थेतला जीव जिवंत असतो. अखंड धागा हवा, तर पाखरू बाहेर पडण्यापूर्वी त्याला मारावे लागते. देवपूजेच्या सोवळ्याला आपण रेशीम नेसतो आणि हा हिशेब मनात आणत नाही. कीटकाला वेदना होते का, याचा निकाल शास्त्राने अजून दिलेला नाही. इंग्लंडने 2022 साली प्राण्यांच्या संवेदनेचा कायदा केला, त्यात खेकडे, शेवंडे आणि अष्टपाद घेतले; कीटक घेतले नाहीत. आपला 1960 सालचा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा मात्र व्याख्येतच सांगतो, की प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. त्या शब्दांत कोशातला जीव बसतो की नाही, तुम्हीच पाहा.

निकाल लागेपर्यंत निदान पद्धत तरी निवडता येते. कोसे कडक उन्हात टाकले, तर आतला जीव दिवसेंदिवस भाजत मरतो, आणि धागाही बिघडतो. वाफेने हेच काम थोड्या वेळात होते. मारायचेच नसेल, तर पाखरू निघू द्यावे. ते तोंडातून एक पाचक रस सोडून कोशाचे एक टोक मऊ करते आणि धागे बाजूला सारून बाहेर येते. असा उघडा कोसा उकलून अखंड धागा निघत नाही, पण कापसासारखा कातता येतो. सूत जाडेभरडे होते, किंमत वेगळी येते. पण कापड टिकाऊ असते.

बियाण्यासाठी राखलेल्या कोशांची काळजी निराळी. शेवटच्या पिकाच्या कोशातला जीव हिवाळा-उन्हाळा आत झोपून काढतो. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या तापाने पाखरू अवेळी निघाले, तर जोडीदार नाही, नवा पालाही नाही, आणि त्याला स्वतःला तोंड असून खाता येत नाही. आठवड्याभरात ते संपते. म्हणून कोशांच्या माळा करून त्या जाड भिंतीच्या, हवा खेळत्या, थंड खोलीत टांगाव्यात, हलवाहलव करू नये, उंदरांपासून जपाव्यात. मृगाचा पाऊस पडून हवा ओलावली, की संध्याकाळनंतर पाखरे निघू लागतात. पंख पसरून वाळेपर्यंत त्यांना लटकायला जागा द्या, बोट लावू नका. पहाटेपर्यंत जोड्या जमतात. त्या तासन् तास जुळलेल्या राहतात. घाई करून ओढून सोडवू नयेत. मग माद्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे कुठली अंडी कुणाची हे तपासणीला कळते. पहिल्या तीन रात्रींतच बहुतेक अंडी येतात.