मिठासाखरेची वाट

पुणे-सोलापूर रस्त्यावरून पंढरपूरचा फाटा फुटतो तो टेंभुर्णीत. आषाढीच्या सुमारास नवं पाणी येतं आणि घरोघरी कुणाला ना कुणाला जुलाब लागतात. पूर्वी पटकीची साथ यात्रेबरोबर गावोगाव फिरे. आता पटकी क्वचितच दिसते, पण दवाखान्यात पहिली मागणी ठरलेली: "डॉक्टर, सलाईन लावा." हातात ओआरएसची पुडी ठेवली की तोंडं उतरतात. तसं व्हायला नको.

आपल्या लहान आतड्यात दिवसाकाठी आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. खाण्यापिण्यातून येतो त्यातला जेमतेम दोन लिटर. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. शौचावाटे जातं फार तर 200 मिलिलिटर पाणी. उजनी धरणाचं पाणी उसाला द्यायला मोटार लागते. आतड्यात पाण्यासाठी मोटार नाही, ती आहे मिठातल्या सोडियमसाठी. पेशी सोडियम रक्ताकडे ढकलत राहतात आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं.

पटकीचं विष नेमकं इथं घाव घालतं. शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये कोलकात्यात या विषाचा पुरावा दिला. या विषामुळे पेशींची क्लोराइडची दारं सताड उघडी राहतात. क्लोराइड आतड्यात झिरपतं, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकतं.

तरीही एक वाट शाबूत राहते. ग्लुकोजचा एक रेणू दोन सोडियम आयनांबरोबर पेशीत शिरतो. या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण शेकडा 30 वरून चारच्या खाली आलं.

ओआरएसच्या पुडीत हेच मीठ आणि ग्लुकोज असतं. मात्र माप चुकता कामा नये. लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. पेलाभर पाण्यात ओतली किंवा गोडीसाठी वर साखर घातली, तर ते दाट पाणी अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. डब्यातली गोड पेयंही तेच करतात. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ग्लानी आली, लघवी थांबली, पोटात काहीच टिकेना, तर मात्र दवाखाना गाठायचा. तिथं सलाईनच हवं. नुसती एखादी उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजायचं.