घरी बनवलेल्या आर्केड यंत्राची वीजजोडणी कशी असावी?

चेन्नईजवळचे श्रीपेरुंबुदूर हे देशातील इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. तेथील नोकियाचा मोबाईल कारखाना नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. चार्जर बनवणारी साल्कॉम्प ही कंपनी तो कारखाना घेणार असल्याची घोषणा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये केली. चार्जर ही तशी किरकोळ वाटणारी वस्तू. मात्र भिंतीतील २३० व्होल्ट आणि हाताला लागू शकणारे ५ व्होल्ट यांच्यामध्ये भक्कम विलगीकरण ठेवणे, हे तिचे खरे काम असते. कारखान्यात हजारो व्होल्टचा दाब देऊन हे विलगीकरण तपासले जाते. घरच्या घरी आर्केड यंत्र उभारणाऱ्या हौशी मंडळींनी हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

केंद्र सरकारच्या २०१२ च्या आदेशाने व्हिडिओ गेम, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची झाली. पुढे अ‍ॅडाप्टरही त्या यादीत आले. घरी बनवलेले यंत्र मात्र अशा कोणत्याही चाचणीतून जात नाही. ते तपासणारा एकच, बनवणारा.

अशा यंत्रात साधारणतः रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, एक मॉनिटर, ध्वनिवर्धक, दिव्यांची पट्टी आणि बटणांचा फलक असतो. संगणकाला सुमारे ५ व्होल्ट, तर ध्वनिवर्धकाला व दिव्यांना बहुधा १२ व्होल्ट लागतात. म्हणजे २३० व्होल्टची गरज फार थोड्या ठिकाणी आहे आणि तो भाग जितका आखूड ठेवता येईल तितका बरा. नोंदणी क्रमांक असलेले तयार अ‍ॅडाप्टर वापरले, तर पेटीच्या आत २३० व्होल्टची एकही वायर सोलावी लागत नाही. सुटा, जाळीदार पत्र्याचा पॉवर सप्लाय स्वस्त पडतो, पण त्याचे स्क्रू उघडे असतात. पेटीत हात घालणाऱ्याचे बोट तेथे सहज पोहोचते.

तरीही तो वापरावयाचा असेल, तर तीन तारांची एकच केबल, पेटीच्या मागील बाजूस फ्यूज व स्विच असलेले संगणकासारखे सॉकेट आणि पुढची सारी जोडणी बंद डब्यात, अशी रचना असावी. फ्यूज नेहमी फेजच्या तारेवर बसवावा. जुन्या घरांतील सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल उलटे जोडलेले आढळतात, म्हणून दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा स्विच अधिक सुरक्षित. यंत्राचा एकूण भार १५० वॅट धरला, तर २३० व्होल्टला प्रवाह पाऊण अँपियरही भरत नाही. अशा वेळी दोन-तीन अँपियरचा फ्यूज पुरेसा होतो. १० अँपियरचा बसवला, तर बिघाडाच्या वेळी फ्यूजआधी बारीक वायर तापेल. भोवती प्लायवूड असते, हे विसरून चालत नाही.

सर्वात दुर्लक्षित राहते ते अर्थिंग. बटणांचा फलक अनेकदा धातूचा असतो आणि खेळणाऱ्याचा एक हात जॉयस्टिकवर, दुसरा बटणांवर असतो. फेजची सुटलेली तार फलकाला टेकली आणि एक हात फलकाला, दुसरा एखाद्या अर्थ झालेल्या भागाला लागला, तर प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून जातो. फलक, मॉनिटरची चौकट आणि पॉवर सप्लायचा पत्रा हे सर्व हिरव्या-पिवळ्या तारेने अर्थला जोडलेले असतील, तर अशा वेळी फ्यूज उडतो. पेटीतील अर्थची तार इतरांपेक्षा थोडी लांब ठेवावी. केबल ओढली गेलीच, तर ती सर्वांत शेवटी सुटते. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची पिन याच कारणाने लांब असते. ती काढून दोन पिनांच्या सॉकेटवर काम भागवण्याची सवय घातक आहे.

प्लग काढलेला असताना प्लगची अर्थ पिन व फलक यांच्यामधील रोध मल्टीमीटरने मोजावा. तो एका ओहमपेक्षा कमी हवा. सॉकेटमध्ये अर्थ खरोखर येतो का, याची खात्री परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. त्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असल्यास गळती होताच पुरवठा क्षणात तुटतो.

कमी व्होल्टच्या बाजूस झटक्याचे भय नसले, तरी उष्णतेचे असते. शिवाय बारीक वायरीत व्होल्टही गळतात. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची दीड मीटर वायर जाऊन-येऊन तीन मीटर होते आणि ३ अँपियरला तीत सुमारे एक तृतीयांश व्होल्ट खर्ची पडतो. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली इशारा देऊ लागतो. ‘संगणक मध्येच बंद पडतो’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

जुन्या पद्धतीच्या चित्रनलिकेच्या टीव्हीचा मोह अनेकांना होतो. तो त्याच्या मूळ पेटीसकट बसवावा. आतील नलिकेवर २०,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटरवरही सुमारे ३२५ व्होल्ट असतात, त्यामुळे तोही उघडू नये.