वऱ्हाडचं ऊन आणि पद्मिनीचा डॅशबोर्ड

मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरला पारा पंचेचाळिशीला टेकतो, ती सावलीतली गोष्ट. बंद काचेमागचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो. ॲरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासभर उन्हात उभ्या मोटारींचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेले होते. इकडच्या जुन्या पद्मिनींनी असे कितीतरी उन्हाळे काढलेत.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, १९७४ पासून पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. गावाकडे मात्र शेडमध्ये, ताडपत्रीखाली अजून काही उभ्या आहेत. इंजिनाचं काम करणारा मिस्त्री मिळतो; आतलं काम तसंच राहून जातं.

डॅशबोर्डवरची गादी शोभेची नाही. डेट्रॉइटचे प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ अपघातात चेहरे फुटलेली माणसं दुरुस्त करत आणि तिथं गादी हवी म्हणून १९३० च्या दशकात मोटार कंपन्यांच्या मागं लागले होते. पत्र्यावर फोम, फोमवर रेक्झिन, अशी ही रचना. उष्णतेनं रेक्झिन मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य उडून जातं. काचेला आतून बसणाऱ्या धूसर चिकट थरात त्याचा मोठा वाटा असतो. मग रेक्झिन आकसतं, तडकतं आणि भेगेतून ऊन लागलेला फोम भुगा होतो.

अशा फुटक्या गादीवर तयार टोपण चिकटवून मोकळं होणं मला पटत नाही. भुग्यावर काहीच टिकत नाही. ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्या कारागिराच्या हातात हे काम करण्याची कला असते. त्याला वेळ मात्र द्यायला हवा. आधी बॅटरीची तार काढायची, प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधायची. जुनी गादी कितीही फाटकी असली तरी तिचा तुकडासुद्धा फेकायचा नाही, कारण फर्मा तोच. कुजलेला फोम पत्र्यापर्यंत खरवडून नवा बसवायचा, पॉलिश पेपरनं घासून आकार आणायचा. रेक्झिन घेताना मागचं कापड बघावं: विणीचं असेल तर ते चारी बाजूंनी ताणलं जातं, गोलाईवर सुरकुती पडत नाही. सोल्युशन दोन्ही अंगांना लावून, बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडायचं. आणि इथं ते उष्णता सोसणारंच हवं. साधं सोल्युशन वऱ्हाडच्या पहिल्या उन्हाळ्यात सुटतं आणि कडा वर येतात.

कामाच्या क्रमात चूक झाली, तर केलेलं पुन्हा उसवावं लागतं. छताचं कापड तारांवर ताणलेलं असतं. प्रत्येक तारेचा बाक वेगळा, म्हणून काढतानाच तारांना नंबर टाकावेत. त्या कापडाच्या कडा काचेच्या रबराखाली जातात, त्यामुळे पुढची काच उतरवलेली असतानाच छत आणि डॅशबोर्ड दोन्ही उरकून घ्यावेत. दाराच्या आतले हार्डबोर्ड बहुधा खालून फुगलेले निघतात. काचेच्या फटीतून उतरणारं पावसाचं पाणी त्याला कारण. नवं बसवताना मागं प्लास्टिकचा कागद लावायला बरेच जण विसरतात.

पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झाला तर ती नोंदणी मिळत नाही. फाटलं रेक्झिन बदलणं हा तसा फेरफार नव्हे. तरी मूळचा रंग आणि शिवण राखावी असं मला मनापासून वाटतं.

शेवटी काच. रबराच्या खाचेत सुतळी फिरवून काच जागेवर टेकवतात. एकजण बाहेरून दाबतो, दुसरा आतून सुतळी ओढत जातो, तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. त्यानंतर पाइपानं भरपूर पाणी मारून बघावं, आणि पायाखालचा नमदा आतून कोरडा ठणठणीत राहिला तरच मॅट अंथरावी.