मुंबई ओपन जिंकणाऱ्या सबालेंकाला विम्बल्डनचं दार का बंद झालं? झेंड्याविना खेळणं म्हणजे नेमकं काय

मोहने : मोबाईलवर टेनिसचा सामना लावला की एका खेळाडूच्या नावापुढे झेंडा दिसतो आणि समोरच्याच्या नावापुढे कधीकधी काहीच नसतं. पोरांना वाटतं चॅनलवाल्याची चूक आहे. चूक नाही, ती शिक्षा आहे.

बेलारूसची अरीना सबालेंका नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या मुंबईत येऊन गेली. चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर तिने मुंबई ओपन जिंकली, तेव्हा तिला इकडे कोणी फारसं ओळखतही नव्हतं. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. बेलारूसने रशियाच्या फौजेला आपली जमीन वापरू दिली, म्हणून दोन्ही देश अडचणीत आले.

आठवडाभरातच आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने दोन्ही देशांच्या संघांना डेव्हिस कप आणि बिली जीन किंग कपमधून बाहेर काढलं. खेळाडूंना मात्र झेंडा आणि देशाचं नाव न लावता एकट्याने खेळायला परवानगी राहिली.

असा फरक का, तर डेव्हिस कपला देश संघ पाठवतो. बाकीच्या स्पर्धांना खेळाडू स्वतःच्या क्रमवारीवर जातो, प्रशिक्षकाचा आणि प्रवासाचा खर्च बहुतेक वेळा त्याचाच असतो. शेतकरी आपली भेंडी घेऊन कल्याणच्या मार्केटला जातो, तसंच हे. आता तुमच्या गावच्या पुढाऱ्यांनी दुसऱ्या गावाशी भांडण काढलं, म्हणून व्यापारी तुमचा माल उतरवूनच घेणार नाही म्हणाला तर?

विम्बल्डनने २० एप्रिल २०२२ ला नेमकं तेच केलं. रशिया-बेलारूसचा एकही खेळाडू नको. रशियाचं सरकार त्यांच्या विजयाची जाहिरात करील, असं त्यांचं म्हणणं. सबालेंका बाहेर, मेदवेदेवही बाहेर. स्पर्धेच्या वेळी तर तो जगात पहिला होता.

हा भेदभाव आहे म्हणत पुरुष आणि महिला खेळाडूंच्या संघटनांनी त्या वर्षी विम्बल्डनचे गुणच काढून घेतले. जोकोविच स्पर्धा जिंकला आणि क्रमवारीत तिसऱ्यावरून सातव्यावर घसरला! महिलांमध्ये जिंकली एलेना रिबाकिना. ती खेळते कझाकस्तानकडून, पण जन्म मॉस्कोचा.

आपल्या पुण्यात तसं झालं नाही. बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनमध्ये रशियाचा अस्लान करात्सेव फेब्रुवारी २०२२ ला, युद्धाच्या तोंडावर, पहिला मानांकित म्हणून आला होता. जानेवारी २०२३ ला तो पुन्हा खेळला, या वेळी झेंड्याविना.

म्हणून युक्रेनच्या मुलींचं म्हणणं खोटं ठरत नाही. ओडेसाची एलिना स्वितोलिना या दोन देशांच्या खेळाडूंशी सामन्यानंतर हात मिळवत नाही. जिच्या गावावर क्षेपणास्त्रं पडतात तिला कोरा चौकोन पुरेसा कसा वाटेल?

२०२३ ला विम्बल्डनने बंदी उठवली, पण अटी घालून. तटस्थ असल्याचं लिहून द्यायचं, युद्धाला पाठिंबा द्यायचा नाही, सरकारचा किंवा सरकारी कंपनीचा पैसा घ्यायचा नाही.

मुंबईला हा वाद नवा नाही. पाकिस्तानचा संघ नको म्हणून १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने धोरण ठरवलं : पाकिस्तानशी दोघांतले सामने बंद, अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायला हरकत नाही. म्हणूनच त्या सप्टेंबरात आशिया कपचा सामना दुबईत झाला, पण आपल्या खेळाडूंनी हात मिळवले नाहीत. टेनिसमध्ये तर फेब्रुवारी २०२४ ला भारताचा संघ ६० वर्षांनी पाकिस्तानात, इस्लामाबादला गेला आणि डेव्हिस कपची लढत ४-० अशी जिंकून आला.

सबालेंकाने जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, अंतिम सामन्यात याच रिबाकिनाला हरवून. सप्टेंबरात ती जगात पहिली आली. यादीत देशाच्या जागी तेव्हाही काही नव्हतं.